आईला विचारलंच नव्हतं

२०२३ सालच्या श्रावणात आमची आई इंदूरच्या घरी न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. चाळीस मिनिटं ती ओल्या फरशीवर तशीच पडून होती. कामाच्या मावशींकडे मागच्या दाराची किल्ली होती म्हणून निभावलं. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दादा टोरांटोला, मी पुण्याला. त्या रात्री आम्ही दोघं भाऊ-बहीण व्हिडिओ कॉलवर बराच वेळ गप्पच होतो. मग दादा म्हणाला, "आता घर स्मार्ट करून टाकू."

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांची आज हीच गोष्ट आहे. मुलं पुणे, बंगळुरू, नाही तर परदेशात, आणि रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या जुन्या घरात आई-बाबा, पुष्कळदा दोघांपैकी एकच. तुमच्यापैकी कित्येकांनी अशा घरात कॅमेरा किंवा बोलका स्पीकर बसवला असेल, किंवा यंदाच्या दिवाळीत बसवायचा बेत असेल. म्हणून आमच्या घरी काय झालं ते लिहिते आहे.

बेत दादानं आणि मी केला. मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे यादी करण्याची हौस दांडगी. खोल्यांची नावं, प्रत्येक खोलीत कोणतं यंत्र, किंमत, कोण बसवणार, कुणाच्या फोनवर काय कळणार, असा मोठा तक्ता आम्ही तयार केला. दिवाळीला दादा आला, मीही चार दिवस आधी माहेरी गेले. आई स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती आणि आम्ही दोघं शिडी लावून भिंतींना भोकं पाडत होतो. बैठकीच्या खोलीत कॅमेरा, प्रत्येक खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर, पुढच्या दाराला उघडझाप कळवणारा सेन्सर, न्हाणीघरात मदतीचं बटण, दिव्यांच्या जागी फोनवरून चालणारे बल्ब, आणि देवघराशेजारी बोलका स्पीकर. आई मधून मधून येऊन बघायची आणि म्हणायची, "करा बाबांनो, तुम्हाला कळतं त्यातलं." तो आम्ही होकार समजलो.

पहिले दोन दिवस गंमतीत गेले. स्पीकर हिंदीवर लावला होता. आई त्याला म्हणायची, "अरे, तो दिवा घालव." त्याला घालव कळेना. 'बंद कर' म्हण, असं आम्ही शिकवलं, पण संध्याकाळच्या वेळी दिव्याला 'बंद' म्हणणं तिच्या जिभेवर येईना. बल्बांची तऱ्हा निराळीच. असल्या बल्बांना भिंतीवरचं बटण सतत चालू लागतं. बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि मग फोनवरून काही करता येत नाही. चाळीस वर्षं वीज वाचवत आलेली बाई खोलीतून निघताना बटण बंद करणारच. म्हणून मी प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली : 'हे बटण बंद करू नये.' स्वतःच्या घरात असल्या सूचना वाचताना तिला काय वाटत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. भाऊबीज झाली आणि आम्ही दोघं आपापल्या गावी परतलो.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी पहाटे पावणेपाचला माझा फोन किंचाळला. पुढचं दार उघडलं होतं. घरात हालचाल नाही. आईला फोन केला, तो घरातच वाजत राहिला. तिकडे दादालाही तोच इशारा गेलेला. त्यानं शेजारच्या काकांना उठवलं. काका सत्तरीचे, स्वेटर चढवून, बॅटरी घेऊन आईला शोधायला निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, मग त्यांना सुचलं आणि ते देवळात गेले. काकड आरती चालू होती. आई नेहमीच्या खांबापाशी उभी होती. काकांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना? मुलांचे फोन येतायत, तुम्ही घरातून निघून गेलात म्हणून."

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड आरतीला जायचं, हा तिचा तीस वर्षांचा नेम. मला तो ठाऊक होता. लहानपणी तिचं बोट धरून, कानटोपी घालून मी स्वतः त्या देवळात गेले आहे. पण आमच्या तक्त्यात 'दार रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात उघडल्यास इशारा' एवढीच ओळ होती. ही वेळ कुठून आली? यंत्राबरोबर तशीच लावून आली होती. आम्ही ती बदलली नाही, कारण बदलायला हवी हे सांगू शकणारी बाई शेजारच्या खोलीत चकल्या पाडत होती.

आई रागावली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "बरं झालं, सगळं नीट चालतं म्हणायचं." आम्हाला हायसं वाटलं. पुढचे दोन महिने ॲपवर सगळं हिरवं दिसत होतं. दार सातच्या आत कधी उघडलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात हालचाल, दुपारी बैठकीत, रात्री साडेनऊला निजायच्या खोलीत. दादा म्हणाला, "बघ, रुटीन किती सेट झालंय." मीही खूश होते.

संक्रांतीला मी इंदूरला गेले तेव्हा बैठकीतल्या कॅमेऱ्यावर क्रोशाचा रुमाल होता. "धूळ बसते त्यावर," आई म्हणाली. दुपारी ती लवंडली होती आणि मी मावशींबरोबर तीळ निवडत बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? आई देवळात जात नाहीत आता. दार उघडलं की मुलांची झोप मोडते म्हणतात. सात वाजेस्तोवर दुधाची पिशवीसुद्धा आत घेत नाहीत." आणि थोड्या वेळानं, खाली मान घालून, "आम्ही दोघी सकाळचा चहा हॉलमध्ये बसून प्यायचो. आता मी माझा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते. तुम्ही तिकडून बघता, मग बरं नाही दिसत."

हातातलं ताट मी खाली ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा आईचा काकडा अर्ध्यावर सुटला होता आणि त्याच दिवसांत आमच्या ॲपवर सगळं हिरवं होतं. सेन्सर दार उघडल्याचं सांगत होता. जे दार उघडायचं राहून गेलं, ते तो सांगणार नव्हता.

आणि मावशी? दिवसातले तीन तास त्या या घरात वावरतात. आई पडली तेव्हा हजर होत्या त्या. त्यांच्यावर कॅमेरा रोखताना त्यांना विचारावं, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण एखाद्या व्यक्तीनं आपल्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे आई, मावशी आणि मी यांच्यामध्ये कायदा येऊन उभा राहणार नाही. घरात काय चालेल आणि काय नाही, हे घरातल्या माणसांनीच एकमेकांना विचारून ठरवायचं आहे.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं इतक्या काळजीनं करत होतात. त्यात मी कुठे मोडता घालू?"

त्या रात्री मी आमचा तक्ता पुन्हा उघडला. 'इशारा कुणाला' या रकान्यात चार नंबर होते : माझा, दादाचा, माझ्या नवऱ्याचा आणि शेजारच्या काकांचा. आईचा नव्हता. तिच्याच घरात, तिच्याच दाराबद्दल, सगळ्यांना कळत होतं, तिला सोडून.

खरं तर हे मला कळायला हवं होतं, कारण माझ्याच व्यवसायात त्याचा जुना इतिहास आहे. आम्ही ज्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतो, त्याचा पाया नॉर्वेच्या क्रिस्टन नायगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही भाषा तयार करून घातला. त्यासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ही गोष्ट कॉलेजात शिकवतात. शिकवत नाहीत ती पुढची गोष्ट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच नायगार्ड नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करायला गेले. कारखान्यांत संगणक येत होते आणि ते कसे असावेत हे मालक आणि तज्ज्ञच ठरवत होते. ज्यांना त्या यंत्रांबरोबर रोज काम करायचं, त्या कामगारांना ती समजावीत आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचं म्हणणं मांडता यावं, यासाठी ती धडपड होती.

पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी छापखान्यातल्या कामगारांबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प केला. वर्तमानपत्राची पानं संगणकावर लावायचे दिवस यायचे होते. यंत्र अजून बनलेलंच नव्हतं, मग कामगारांना विचारायचं कसं? त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं आणि कामगारांना म्हणाले, असं समजा की हे यंत्र आहे, आता तुमचं काम करून दाखवा. काम करता करता माणसं सांगू लागली, इथे हात पोचत नाही, हे इकडे हवं. खोक्याचा मोठा गुण असा की त्याला कुणी घाबरत नाही. आवडलं नाही तर सरळ उचलून बाजूला ठेवता येतं.

हे सगळं मी परिषदांमध्ये ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. 'वापरणाऱ्याला विचारा' हे वाक्य मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी म्हणत असेन. आई ही वापरणारी आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती जपायची वस्तू होती.

आणखी एक आठवण त्या रात्री जागी झाली. बाबा सिव्हिलमधले. आम्ही शाळेत असताना एका रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर त्यांनी आम्हाला स्कूटरवर बसवून 'अरण्य' दाखवायला नेलं होतं. इंदूरच्या मुलांनी तरी ही वसाहत एकदा नीट पाहायला हवी. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशननं १९८० च्या दशकात ती आखली. दोशी जन्मानं पुण्याचे. पुढे २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. अरण्यमध्ये सुमारे साडेसहा हजार घरांची योजना होती, बरीचशी गरीब कुटुंबांसाठी. त्यांना पूर्ण घर बांधून दिलं नाही. जोतं, संडास-न्हाणी, पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी आणि ऐपतीप्रमाणे एखादी खोली, एवढं दिलं. पुढचं घर ज्याचं त्यानं, पैसे येतील तसं, गरज पडेल तसं वाढवायचं. ते कसकसं वाढू शकतं हे दिसावं म्हणून ८० नमुना घरं बांधून दाखवली होती. १९९५ साली या वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला.

बाबा आम्हाला एका गल्लीत उभं करून म्हणाले होते, "बघा, प्लॉट सारखे, पण दोन घरं सारखी आहेत का?" नव्हती. कुणी पुढे ओटा काढला होता, कुणी बाहेरून जिना घेतला होता, कुणी खालच्या खोलीत दुकान थाटलं होतं. "ज्याला राहायचंय त्याला ठाऊक असतं," बाबा म्हणाले होते. त्यांच्याच घराच्या भिंतींना मी न विचारता भोकं पाडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा उतरवला. मग आम्ही तिघींनी, म्हणजे आई, मावशी आणि मी, सगळं नव्यानं मांडायचं ठरवलं. शेजारच्या काकूंनाही बोलावलं, कारण रात्री-अपरात्री धावायचं त्यांच्याच घरच्यांना. त्या बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आम्ही येऊच गं. पण यादीत नाव घालताना एक फोन करायचा होतास." त्याही बरोबरच होत्या.

सुरुवात कालनिर्णयपासून झाली. स्वयंपाकघरात टांगलेल्या त्या कॅलेंडरच्या चौकोनांत आई दूध, गॅस, वाण्याचे पैसे लिहिते हे माहीत होतं. पण जवळजवळ एक दिवसाआड एक 'पा.' आणि पुढे वेळ लिहिलेली दिसली. पा. ५.१०. पा. ५.४०. पा. ४.५५. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "नर्मदेचं पाणी. एक दिवसाआड येतं ना, वेळेचा नेम नाही. हौदाचा नळ सोडायला, मोटर लावायला उठावं लागतं. झोप कुठली लागते मग." इतकी वर्षं ती स्वतःच घराची नोंद ठेवत होती. तिच्या लेखी या घराचा सगळ्यात मोठा प्रश्न पाणी कधी आलं हे कळण्याचा होता, आणि आमच्या तक्त्यात पाणी हा शब्दच नव्हता.

मला गेव्हर नावाच्या संशोधकाचं काम आठवलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतल्या पेच्चोली गावच्या वृद्धांना प्रश्नावली न देता पोस्टकार्डं, नकाशे आणि एक साधा कॅमेरा दिला होता. आज भेटलेल्या पहिल्या माणसाचा फोटो काढा, हवंसं वाटणाऱ्या एखाद्या गोष्टीचा काढा, कंटाळवाण्या गोष्टीचा काढा, अशा सूचना त्या कॅमेऱ्यावर होत्या. माणसं कशी जगतात हे त्यातून उलगडत गेलं. आमच्या घरात ते काम कालनिर्णयनं आयतं करून ठेवलं होतं.

मग मिठाईची रिकामी खोकी काढली. प्रत्येकावर स्केच पेननं लिहिलं : दाराचा सेन्सर, मदतीचं बटण, पाण्याची घंटा, कॅमेरा. आठ दिवस ती खोकी घरभर फिरली. जिथे नको वाटेल तिथून उचला आणि जिथे हवं वाटेल तिथे ठेवा, एवढाच नियम. कॅमेऱ्याचं खोकं पहिल्याच दिवशी बैठकीतून फाटकाच्या खांबावर गेलं. "बाहेरून कोण आलं ते बघायला हवंच," आई म्हणाली. दाराच्या सेन्सरचं खोकं तिनं कपाटावर टाकून दिलं.

न्हाणीघरातल्या बटणापाशी मात्र ती बराच वेळ थांबली. आम्ही ते भिंतीवर चार फुटांवर बसवलं होतं, हाताला सहज लागेल असं. ती म्हणाली, "मी पडले तेव्हा कुठे होते? खाली होते ना? खालून हे कसं दाबणार?"

मी गप्प झाले. आम्ही उभ्या माणसाचं बटण पडलेल्या माणसासाठी बसवलं होतं. ती खाली बसली, फरशीवर हात टेकून दाखवला की त्या दिवशी डोकं कुठे होतं, हात कुठवर पोचत होता. मावशींनी दुजोरा दिला, त्यांनीच तिला तसं पाहिलं होतं. मग दोघींनी मिळून सांगितलं : दोरी हवी. छतापासून जमिनीपर्यंत, नळाच्या बाजूला, ओढली की वाजणारी. आणि कमोडपाशी धरायला स्टीलचा दांडा, म्हणजे मुळात पडायलाच नको. पुष्कळ रुग्णालयांच्या स्वच्छतागृहांत अशी जमिनीपर्यंत पोचणारी दोरी असते, हे मला नंतर आठवलं. आईनं ती रुग्णालयात पाहिली नव्हती, ती त्या फरशीवर चाळीस मिनिटं पडून राहिली होती.

आज घरात काय आहे ते सांगते. दोरी आहे, दांडा आहे. दोरी ओढली की आधी मोठी घंटा वाजते, घरात आणि काकूंच्या भिंतीपाशीही. आमच्या फोनवर निरोप त्यानंतर. हा क्रम आईनं ठरवला : जवळचं माणूस आधी, लांबचं नंतर. हौदाच्या नळाखाली पाणी ओळखणारा साधा सेन्सर आहे. थेंब पडले की तिच्या उशाशी घंटा होते. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं तो बसवून दिला, त्याला इंटरनेटही लागत नाही. स्मार्ट बल्ब काढून टाकले आणि तिच्या जुन्या बटणांच्या मागेच छोटे रिले बसवले. बटण दाबलं तरी दिवा लागतो, फोननंही लागतो. चिठ्ठ्या खरवडून काढल्या. स्पीकर आता फक्त भजनं लावतो.

आणि रोजची खुशाली? ती सांगायची रीतही आईचीच. देवघरात एक लहानसा विजेचा दिवा आहे, निरंजन लावायच्या आधी ती तो लावते. त्याच्या प्लगमधून वीज जाते आहे की नाही एवढंच कळवणारं एक यंत्र आम्ही बसवलं. दिवा लागला की दादाला आणि मला एक ओळ येते. दुसरं काही नाही. आठपर्यंत लागला नाही, तर पहिला फोन वाजतो आईचा. तिनं उचलला तर गोष्ट तिथेच संपते. नाही उचलला तर काकूंचा, मग आमचा. लाईट गेली, नेट गेलं, ती सकाळीच कुणाकडे हळदीकुंकवाला गेली, तर आधी तिलाच विचारलं जातं.

हे सगळं ठरत असताना ती म्हणाली, "मला मात्र तुझं काही कळत नाही. रात्री नऊ-नऊपर्यंत ऑफिसात असतेस. घरी पोचलीस का, जेवलीस का, मी कुणाला विचारू?" तिची मागणी रास्तच होती. आता पुण्यात मी घरी पोचून दार उघडलं की इंदूरच्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वरच्या फळीवर, एक छोटा पिवळा दिवा लागतो. उशीर झाला की तिचा फोन येतो, "अजून दिवा नाही लागला तुझा." पहिल्या आठवड्यात मला त्याचा जाच वाटला. दोन महिने आम्ही तिला काय दिलं होतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

सगळे प्रश्न सुटले असं मात्र नाही. मनगटावरचं घड्याळ तिनं साफ नाकारलं. दादाला आजही बैठकीत कॅमेरा हवासा वाटतो. तिकडे एवढ्या लांब, बर्फात बसून त्याला जी धास्ती वाटते ती खोटी नाही. आई उन्हाळ्यात कुरडया-सांडगे घालायला एकटी गच्चीवर जाते. तिथे दोरी नाही, घंटा नाही. "तिथे पडलीस तर?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "तर पडेन. जिना चढायचा की नाही ते माझं मी बघेन. तुम्ही न्हाणीघराचं बघितलंत, पुष्कळ झालं." मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण त्यावर निर्णय तिचा आहे, हे मी मान्य केलं आहे.

मुलांनो, यंदा तुम्ही घरी काही बसवायला जाल, तेव्हा खोकी उघडण्याआधी दोन दिवस नुसते राहा. कॅलेंडर बघा, पाणी कधी येतं ते बघा, पहाटे कोण कुठे जातं ते बघा. कामाला येणाऱ्या माणसांना विचारा. इशाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव ज्यांचं घर आहे त्यांचं घाला, आणि नको असेल तेव्हा ते सगळं बंद करायचं बटण त्यांच्याच हाताशी ठेवा. "तुम्हाला कळतं त्यातलं" असं आई म्हणाली, तर तो होकार समजू नका. तिला काय कळतं, ते त्यानंतर विचारायचं असतं.

२०२४ च्या कार्तिकात आईचा काकडा पुन्हा सुरू झाला. मला ती पहाटे कधी निघते ते आता कळत नाही. सवयीनं जाग मात्र येते. मग थोडा वेळ अंथरुणातच पडून राहते, आणि साडेसहाच्या सुमाराला फोनवर ओळ येते : देवघरातला दिवा लागला. कार्तिकी पौर्णिमेला मी इंदूरला होते. सहज कालनिर्णय चाळलं. पाण्याच्या वेळा अजूनही लिहिलेल्या होत्या, घंटा असूनही. मी हसले, तशी आई म्हणाली, "तुझी घंटा बिघडली तर?"